घरात ड्रम्स वाजवायचे आहेत? आधी घर बघा, मग किट निवडा

ड्रम्स शिकायला लागलेला माणूस दुकानात गेला की आधी बजेट सांगतो, मग कंपनी विचारतो आणि शेवटी विचारतो, "इलेक्ट्रॉनिक घेऊ की अकूस्टिक?" अकूस्टिक किट म्हणजे खऱ्या ड्रम आणि झांजांचा संच, इलेक्ट्रॉनिक म्हणजे पॅडवर मारून हेडफोनमधून ऐकायचा. घरच्या रियाजासाठी या प्रश्नांच्याही आधी दुसरे प्रश्न येतात. किट कुठल्या जमिनीवर राहणार? तिच्याखाली कोण राहतं? दिवसातला कुठला तास तुम्हाला खरोखर मोकळा मिळतो? यांची उत्तरं मिळाली की निम्मी निवड झालेली असते. उरलेली निम्मी तुमच्या हाताला काय शिकायचंय त्यावर अवलंबून असते. या लेखातला क्रम तसाच ठेवला आहे.

पायरी १: पहिले दोन-तीन महिने किटशिवाय

लगेच किट घेऊ नका. ५ए मापाच्या स्टिकची जोडी, रबराचं प्रॅक्टिस पॅड आणि मोबाइलमधला मेट्रोनोम (ठरावीक लयीत टिक-टिक करणारं ॲप) एवढं सामान सुरुवातीला पुरतं. मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवर लावा आणि सिंगल स्ट्रोक (हात आलटून-पालटून), डबल स्ट्रोक (प्रत्येक हाताने दोनदा) आणि पॅराडिडल हे तीनच प्रकार घोटा. पॅराडिडल म्हणजे उजवा-डावा-उजवा-उजवा, मग डावा-उजवा-डावा-डावा. पर्कसिव्ह आर्ट्स सोसायटी या संस्थेने १९८४ मध्ये ठरवलेल्या यादीत अशी ४० रुडिमेंट्स, म्हणजे हातांचे मूळ पाठ, आहेत. ती सगळी आज यायला हवीत असं नाही, पण या तिघांवर हात बसला की बाकीची पुष्कळ सोपी जातात.

खुर्चीत बसून पायही चालू ठेवा. उजवा पाय पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर, डावा दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. दोन महिने रोज वीस मिनिटं हे केलंत तर तुमची आवड किती टिकणार ते तुम्हालाही कळेल आणि घरच्यांनाही. शिवाय किट येईल तेव्हा हात तयार असेल. पॅड वाया जात नाही. कसलेले ड्रमरही कार्यक्रमाआधी पॅडवरच हात मोकळे करतात.

पायरी २: घराची परीक्षा

ड्रम्सचा आवाज घराबाहेर दोन वाटांनी जातो. या दोन वाटा नीट समजल्याशिवाय पैसे खर्च करू नयेत.

पहिली वाट हवेची. स्नेअर (पुढ्यातला तडतडीत ड्रम) आणि सिम्बल (झांजा) यांचा आवाज खिडकी, दार, व्हेंटिलेटर जिथून फट मिळेल तिथून बाहेर पडतो. साध्या खोलीत मोकळ्या हाताने वाजवलेला अकूस्टिक किट सहज १०० डेसिबलच्या वर जातो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. मधली भिंत बराच आवाज खाते, पण सरकत्या काचेची खिडकी त्या भिंतीचा उपयोग घालवून टाकते. दुपारी दोन ते चार शांतता पाळायची हा आपल्याकडच्या सोसायट्यांचा अलिखित नियम आहेच. नोकरी करणाऱ्याला तर वाजवायला वेळ मिळतो तो रात्री नऊनंतर. मग फ्लॅटमध्ये अकूस्टिक किटला जागा उरते ती फक्त रविवारी सकाळी.

दुसरी वाट जमिनीची, आणि तिचा विचार बहुतेक जण किट घरी आल्यावर करतात. किकचं, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचं, पेडल दाबलं की त्याचा धक्का जमिनीत जातो, तिथून स्लॅबमध्ये आणि स्लॅबमधून खालच्या घराच्या छतात. खालच्या काकूंना तुमचं गाणं ऐकू येत नाही. त्यांना फक्त धप, धप-धप ऐकू येतं, आणि तेच जास्त त्रासदायक असतं. या बाबतीत इलेक्ट्रॉनिक किट निर्दोष नाही. हेडफोन घातल्यामुळे वाजवणाऱ्याला वाटतं की आपण कुणाला त्रास देत नाही, पण पाय मात्र तितक्याच जोराने आपटत असतो. "इलेक्ट्रॉनिक म्हणजे आवाज नाही" असं कुणी विकताना सांगितलं तर ते अर्धंच खरं धरा.

म्हणून किट घेण्याआधी एक चाचणी करा. किट जिथे ठेवणार त्या जागी घरातल्या कुणाला तरी बसवा आणि टाच जमिनीवर तालात आपटायला सांगा. तुम्ही खालच्या घरी जाऊन ऐका. परवानगी मागायला गेलात की बोलणंही होऊन जातं, आणि ते पुढे कामाला येतं. तळमजल्याचा फ्लॅट असेल आणि खाली फक्त जमीन असेल तर हा प्रश्न बराचसा सुटतो. जुन्या वाड्यातल्या लाकडी तक्तपोशीवर तो फार वाढतो. अमेरिकेत, कॅनडात लाकडी बांधणीच्या अपार्टमेंटमध्ये वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मराठी मंडळींनीही हे लक्षात ठेवावं, कारण आपल्या काँक्रीटच्या स्लॅबपेक्षा तिथली जमीन पायाचा धक्का कितीतरी जास्त पोचवते.

पायरी ३: आवाज रोखण्याच्या उपायांपैकी कोणते खरे

अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवून खोली साउंडप्रूफ होत नाही. होते हा समज फार पसरलेला आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. ट्रे असोत, फोम असो किंवा जाड पडदे असोत, ते खोलीतल्या खोलीत उठणारा प्रतिध्वनी थोडा कमी करतात. तुम्हाला खोलीत बरं वाटतं, पण शेजाऱ्याला जवळपास तेवढंच ऐकू येतं. आवाज खरा रोखायचा तर वजनदार भिंत हवी, सगळ्या फटी हवाबंद केलेल्या हव्यात आणि आतली खोली बाहेरच्या खोलीपासून सुटी हवी. असं काम नीट करून घ्यायचं तर खर्च किटच्या किमतीच्या पुढे जातो. वर पुठ्ठ्याच्या ट्रेला आग लागायची भीती असते ती वेगळीच.

अकूस्टिक किट शांत करायचे दोन उपाय मात्र खरे आहेत. एक म्हणजे ड्रम आणि सिम्बलवर ठेवायची रबराची म्यूट पॅड्स. ती स्वस्त असतात, आवाज खूप कमी करतात, पण उसळी आणि नाद दोन्ही मारून टाकतात. दुसरा उपाय म्हणजे ड्रमच्या स्किन काढून त्या जागी जाळीचे मेश हेड बसवणं आणि बारीक भोकांचे लो व्हॉल्यूम सिम्बल लावणं. झिल्जियानची एल८० ही मालिका त्यासाठीच आहे आणि रेमोची सायलेंटस्ट्रोक हेड्स तशीच. असा किट साध्या बोलण्याच्या जवळपास येतो. खऱ्या हाय-हॅट स्टँडवर (हाय-हॅट म्हणजे पायाने उघडझाप होणारी सिम्बलची जोडी), खऱ्या पेडलवर पाय बसतो. ज्याच्याकडे आधीच अकूस्टिक किट आहे आणि जो आता फ्लॅटमध्ये राहायला गेलाय, त्याने किट विकण्याआधी हा मार्ग जरूर बघावा. किकचा धक्का मात्र इथेही उरतो. त्याचा उपाय पुढे येतो.

पायरी ४: हाताला काय शिकवायचंय

या मुद्द्याची चर्चा दुकानात होत नाही आणि पुढची कित्येक वर्षं परिणाम मात्र याचाच दिसतो.

अकूस्टिक स्नेअरवर मध्यभागी मारलं की एक आवाज, कडेला मारलं की दुसरा, रिम (ड्रमची कडक कड) आणि स्किन एकदम लागली की तिसरा. तबल्यावर बोट कुठे पडलं त्यावर बोल बदलतो, तसंच हे आहे. स्टिकचं टोक नुसतं टेकवलं तर येणारी हलकी घोस्ट नोट हा अनेक तालांचा प्राण असतो. स्वस्त इलेक्ट्रॉनिक किटवर यातलं बरंच हरवतं. हलका आघात मॉड्यूल, म्हणजे किटचा आवाज तयार करणारा डबा, ओळखतच नाही किंवा मधल्या आघाताएवढा वाजवतो. कुठेही मारा, आवाज छानच येतो. नवशिक्याला हे सुखाचं वाटतं, पण हात आळशी होतो.

याहून मोठी गोष्ट समतोलाची आहे. अकूस्टिक किटवर हाय-हॅट हळू, स्नेअर ठळक आणि किक भक्कम हे मिश्रण तुमचे हातपाय करतात. इलेक्ट्रॉनिक किटवर ते मॉड्यूलचं बटण करतं. वर्षभर फक्त इलेक्ट्रॉनिकवर वाजवलेली मुलं पहिल्यांदा खऱ्या किटवर बसली की हाय-हॅट आणि क्रॅश (जोर देण्यासाठी वाजवायचा मोठा सिम्बल) यांच्या गोंगाटात बाकी सगळं बुडतं. ताल त्यांना येत असतो, पण हात सगळीकडे एकाच जोराने पडत असतो.

मेश हेडची उसळी हाही भाग आहे. १९८१ मधल्या सिमन्स कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक किटच्या षटकोनी पॅडचा पृष्ठभाग कडक प्लास्टिकचा होता आणि त्याने मनगटं दुखायची. १९९७ मध्ये रोलँडने व्ही-ड्रम्स आणले तेव्हा रेमोच्या सहकार्याने जाळीचं हेड आलं आणि इलेक्ट्रॉनिक किट हाताला सुसह्य झाला. पण जाळी स्टिक जरा जास्तच परत फेकते. खऱ्या फ्लोअर टॉमची (टॉम म्हणजे स्नेअर-किकखेरीजचे ड्रम, फ्लोअर टॉम त्यातला जमिनीवर उभा असलेला मोठा) स्किन सैल असते. तिथे ती उसळी मिळत नाही आणि मनगटाला स्वतः काम करावं लागतं.

इलेक्ट्रॉनिकच्या बाजूनेही तितकंच ठामपणे सांगायला हवं. क्लिक, म्हणजे मेट्रोनोमची टिक-टिक, थेट कानात असते, गाणं लावून त्यावर वाजवता येतं, स्वतःचं वाजवणं लगेच ध्वनिमुद्रित करून ऐकता येतं आणि रात्री साडेनऊला बसता येतं. रोज अर्धा तास वाजवलेला साधा इलेक्ट्रॉनिक किट हा आठवड्यातून एकदाच वाजणाऱ्या सुंदर अकूस्टिक किटपेक्षा तुम्हाला जास्त पुढे नेईल. याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

कानांचंही बघा. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलला कान आठ तास सुरक्षित धरतात आणि दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो. त्या हिशेबाने १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं उरतात. अकूस्टिकवर इअरप्लग पहिल्या दिवसापासून घाला. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. हेडफोनचा आवाज वाढवत नेलात तर इलेक्ट्रॉनिकवरही तोच धोका आहे.

पायरी ५: ऑक्टोपॅडचं काय?

महाराष्ट्रात हा प्रश्न हमखास येतो, कारण ऑर्केस्ट्रा, बेंजो पार्टी, लग्नातला बँड सगळीकडे तो दिसतो. रोलँडचं हे आठ पॅडचं इलेक्ट्रॉनिक वाद्य १९८५ मध्ये पॅड-८ या नावाने आलं आणि पुढे एसपीडी-२० ने आपल्याकडे घट्ट मूळ धरलं. ढोलकी, तबला, संबळीसारखे आवाज, टाळ्या, सगळं एका स्टँडवर. ऑर्केस्ट्रात वाजवायचं हेच तुमचं ध्येय असेल तर ऑक्टोपॅड शिकाच. ते स्वतंत्र कौशल्य आहे आणि त्यात काम मिळतं. पण ड्रमकिटचा पर्याय म्हणून तो घेऊ नका. किक आणि हाय-हॅटची पेडलं त्याला वेगळी जोडता येतात, तरी हाताचा पल्ला, टॉमवरून टॉमवर जाणं, बसण्याची ढब या गोष्टी त्यावर तयार होत नाहीत.

पायरी ६: निवड

खाली कुणी राहत असेल, भिंतीला भिंत लागून शेजार असेल किंवा संध्याकाळनंतरच वेळ मिळत असेल, तर मेश हेडचा इलेक्ट्रॉनिक किट घ्या आणि आठवड्यातून एक तास जॅमरूममध्ये, म्हणजे वाद्यं असलेल्या तालमीच्या खोलीत, अकूस्टिकवर बसा. मुंबई, पुणे, नाशिकसारख्या शहरांत अशा खोल्या तासावर मिळतात. हा तास किटच्या किमतीचाच भाग समजून बजेटमध्ये धरा.

स्वतंत्र घर असेल, आवारात जागा असेल, शेजार लांब असेल, तर अकूस्टिक घ्या. कोकणात, गोव्यात, गावाकडे अशी घरं अजून आहेत, आणि ज्यांच्याकडे अशी जागा आहे त्यांनी इलेक्ट्रॉनिकच्या मागे लागून ती संधी सोडू नये. गोव्यात तर तियात्राला, म्हणजे तिथल्या कोकणी संगीत नाटकाला, आजही रंगमंचाजवळ जिवंत बँड बसतो आणि त्यात खरा ड्रमर असतो. ज्याला तिथे वाजवायचंय त्याचा हात खऱ्या स्किनवरच तयार व्हायला हवा. फक्त दमट हवेत स्टँड, लग (स्किन ताणायचे स्क्रू बसतात ते भाग) आणि स्प्रिंग गंजतात. पावसाळ्याआधी ते पुसून हलकं तेल लावा आणि किट भिंतीपासून वीतभर दूर ठेवा.

पायरी ७: खरेदी

इलेक्ट्रॉनिक घेताना पैसे वाचवायचे तर टॉमवर वाचवा, स्नेअर आणि किकवर नको. स्नेअर मेशचा आणि दोन झोनचा हवा, म्हणजे मधला भाग आणि रिम वेगळे वाजतात. किकचं पेडल बीटरचं (ड्रमवर आपटणाऱ्या हातोडीचं) आहे की नाही ते विचारा. यामाहाच्या डीटीएक्स४०२के मध्ये बीटरच नसतो. त्यामुळे धक्का कमी बसतो, पण खऱ्या पेडलची सवय लागत नाही. अलेसिसच्या नायट्रो मेशमध्ये उभं किक पॅड आणि बीटरचं पेडल येतं. खालच्या घराची अडचण गंभीर असेल तर पहिला प्रकार, नसेल तर दुसरा. ओळखीच्या कंपनीचा मेश किट नवा घ्यायचा तर साधारण ४० ते ६० हजारांची तयारी ठेवा. खोक्यात काय नाही तेही विचारा. स्टूल, हेडफोन, स्टिक आणि कित्येकदा पेडलसुद्धा वेगळं घ्यावं लागतं.

हेडफोन वायरचेच घ्या, कान पूर्ण झाकणारे. ब्लूटूथमध्ये आवाज इतका उशिरा पोचतो की तालात वाजवणं अशक्य होतं. स्टुलावर काटकसर करू नका. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून वाजवलं की कंबर आणि पाय दोन्ही चुकीचे वळण घेतात. मांड्या गुडघ्याकडे किंचित उतरत्या राहतील एवढी उंची ठेवा.

अकूस्टिकमध्ये मी नवशिक्याला वापरलेला चांगला किट सुचवेन. नव्या स्वस्त किटचे सिम्बल बहुधा पितळेचे असतात आणि डब्याच्या झाकणासारखे वाजतात. त्यापेक्षा जुने ड्रम आणि चांगले ब्राँझचे सिम्बल हा सौदा बरा. ८ टक्के कथिल असलेल्या ब्राँझला बी८ म्हणतात आणि २० टक्क्यांच्या ब्राँझला बी२०. सुरुवातीला बी८ पुष्कळ झाला. जाहिरातीत शेल पॅक लिहिलं असेल तर त्यात सिम्बल आणि स्टँड नाहीत हे समजा. तपासताना स्किन काढून शेल, म्हणजे ड्रमचं पोकळ भांडं, स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यासारख्या सपाट जागी उपडा ठेवा आणि आत टॉर्च लावा. कडेखालून उजेड येत असेल तर शेल वाकडा आहे, तो सुरात येणार नाही. सिम्बलच्या मधल्या भोकाभोवती आणि कडेला नख फिरवून चीर शोधा. स्किन फाटलेली असली तरी घाबरू नका, ती बदलता येते.

वापरलेला इलेक्ट्रॉनिक किट घेताना प्रत्येक पॅडवर सलग दहा-बारा अगदी हलके आघात करा. एखादा गळतोय का बघा. एका पॅडवर मारल्यावर दुसरं वाजतंय का तेही बघा. हाय-हॅटचं पेडल अर्धवट दाबून आवाज हळूहळू बदलतो का ते ऐका. केबल जोडलेल्या जागी हलवून पाहा आणि अडॅप्टर मूळ कंपनीचा आहे याची खात्री करा.

पायरी ८: घरात मांडणी

किकच्या धक्क्यावर सर्वांत चांगला घरगुती उपाय म्हणजे टेनिस बॉलवर तरंगणारा मंच. नेहमीच्या सुताराकडून १८ मिलिमीटर प्लायच्या ४ बाय ५ फुटांच्या फळ्या कापून घ्या. खालच्या फळीत साधारण फूटभर अंतरावर ५० मिलिमीटर व्यासाची भोकं पाडा. टेनिस बॉल त्यांत बसतो, पण आरपार जात नाही. तशीच भोकांची दुसरी फळी वर येईल आणि तिच्यावर भोकांशिवायची अखंड फळी स्क्रूने पक्की होईल. खालच्या आणि वरच्या फळीचा एकमेकींना स्पर्श होता कामा नये, मधे फक्त बॉल. वर गालिचा घाला, किट आणि स्टूल दोन्ही मंचावर ठेवा. मंच भिंतीला टेकला तर निम्मा उपयोग गेला, म्हणून चारही बाजूंनी बोटभर जागा सोडा. मग पुन्हा खाली जाऊन ऐका.

मॉड्यूलमध्येही एक दिवस बसा. संवेदनशीलता अशी लावा की हलका आघात खरंच हलका वाजेल. आवाज कमी येतोय असं वाटलं तरी तसंच राहू द्या. शेकडो किटचे आवाज असतात, त्यातला एक साधा अकूस्टिक आवाज निवडा आणि काही महिने तोच ठेवा. फ्लोअर टॉमची जाळी स्नेअरपेक्षा सैल करा.

पायरी ९: जॅमरूमचा तास

त्या तासात गाणी वाजवायची घाई करू नका. पहिली दहा मिनिटं फक्त स्नेअर घ्या. पॅराडिडल आधी कुजबुजल्यासारखा, मग मध्यम, मग मोकळा, आणि लय तीच. नंतर साधा आठ मात्रांचा ताल धरा आणि हाय-हॅट इतका हळू वाजवा की स्नेअर त्याच्या वर स्पष्ट उभा राहील. खोलीच्या दुसऱ्या टोकाला मोबाइल ठेवून पाच मिनिटं ध्वनिमुद्रण करा. घरी आल्यावर ते हेडफोनवर ऐका. सिम्बल सगळ्यावर पसरलेत का? किक ऐकू येतोय का? फिलमध्ये, म्हणजे तालाच्या मधे भरायच्या छोट्या तुकड्यात, लय पळतेय का? जे खटकेल ते कागदावर लिहून मॉड्यूलशेजारी चिकटवा आणि पुढचा आठवडाभर घरच्या किटवर तेवढ्याच गोष्टीवर काम करा.